सिकलसेल : दवाखान्याबाहेरचं दुखणं कुणी मोजतं का?

रानजाई

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, एसएस. आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. मी नागपुरात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे शोधनिबंध वाचायची सवय आहे. सध्या या आजारावरचं मिळेल ते वाचते आहे. हिमोग्लोबिनवर, जनुकांवर, औषधांवर भरपूर लिहिलेलं सापडतं. हा आजार अंगावर घेऊन माणूस दिवस कसा काढतो, यावर मात्र फार थोडं आहे. त्यातला एक अभ्यास इथल्या सगळ्यांपर्यंत पोचावा म्हणून हा धागा.

ज्यांना आजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आईवडील दोघांकडून सिकलचं जनुक आलं की मूल एसएस होतं. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक. एसएस माणसाच्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडल्यावर ताठरतात, विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि असह्य दुखतं. याला सगळे ‘क्रायसिस’ म्हणतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अंगमेहनत, यातलं काहीही निमित्त पुरतं. मध्य भारतात हा आजार आहे हे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. म्हणजे विदर्भाला हे नवीन नाही.

आता तो अभ्यास. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात डॉ. वॉली स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या २३२ प्रौढ रुग्णांना रोजनिशी लिहायला दिली. आज दुखलं का, किती दुखलं, क्रायसिस होता का, दवाखान्यात गेलात का, हे रोज लिहायचं, सहा महिन्यांपर्यंत. २००८ साली निष्कर्ष छापून आले. एकतीस हजारांवर दिवसांच्या नोंदी होत्या. त्यातल्या ५४.५ टक्के दिवशी लोकांना दुखत होतं. दवाखाना गाठला असे दिवस होते फक्त ३.५ टक्के. आणि सुमारे २९ टक्के लोकांना जवळजवळ रोजच दुखत होतं.

मी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचले. तोवर हा आजार कुणाला किती तीव्र आहे हे बहुधा वर्षात किती वेळा भरती झाला यावरून ठरवत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाची १९९५ची गाजलेली चाचणी घ्या. तिच्यातही क्रायसिस म्हणजे दुखण्यासाठी चार तासांपेक्षा जास्त वेळ दवाखान्यात काढावा लागणं, अशीच व्याख्या होती. औषध खरोखर उपयोगी ठरलं, त्याबद्दल वाद नाही. पण जो माणूस गोधडी घेऊन घरातच पडून राहिला, त्याचं दुखणं त्या मोजणीत येतच नाही.

माझा भाऊ असाच पडून राहतो. रोवणीच्या दिवसांत तर तोंडातून शब्द काढत नाही, कारण त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बाबांची रोजी बुडणार. हिशेब तोच करतो आणि सहनही तोच करतो.

म्हणून दोन प्रश्न. तुमच्या घरात दवाखान्यापर्यंत न गेलेल्या दुखण्याचं काय होतं? आणि उद्या कुणी संशोधक वही घेऊन तुमच्या दारात आला, तर त्याने काय विचारावं असं तुम्हाला वाटतं?

पवनाकाठ

वाचतोय. आत्याच्या नातवाला आहे, पण आम्ही इतकं खोलात कधी गेलो नव्हतो. एक शंका : आदिवासी आणि विदर्भातल्या काही समाजांमध्येच हा आजार जास्त का?

रानजाई

@पवनाकाठ, मलेरियामुळे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवलं. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं : आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ, आपला मध्य भारत. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा, शिवाय विदर्भातला बौद्ध समाज आणि काही ओबीसी जाती. यात कुणाचा दोष नाही, हे गावात वारंवार सांगावं लागतं.

तुळसामाय

ताई, माही पोरगी आठवीत हाये. सात-आठ महिन्याची होती तं हातापायाचे पंजे सुजले होते. तवा कोनी म्हने वारं लागलं, कोनी म्हने नजर लागली. दोन वर्सं गेले तवा कुठं रक्ताची तपासनी झाली.

तुमी इचारलं दवाखान्यात नाही गेलं तं काय करता. करतो काय, पानी पाजतो, गरम पान्यानं शेकतो, पांघरून घालतो, गोळी देतो. रातभर पाय दाबतो. ते सांगत नाही का दुखते म्हनून. पयले चिडचिड करते, मंग जेवत नाही, मंग एका कुशीवर पडून राह्यते. मले तवा समजते. सांगितलं तं शाळा बुडते, हे तिले माहीत हाये.

अन दवाखान्यात गेलं का दर बारीला नवा डॉक्टर. डोये पिवळे पाहून म्हनते कावीळ झाली. मंग पयल्यापासून सांगा. एकदा एक जन म्हने, लेकरू नाटक करते, अभ्यास नाही करायचा म्हनून. माह्या लेकरानं तवापासून दवाखान्यात रडनंच सोडलं. आता रडत नाही म्हनून म्हनते एवढं काही दुखत नसन.

संशोधनवाल्यानं मले हे इचारावं, का तुह्या पोरीचं दुखनं तुले कसं समजते. थे मी सांगू शकतो. थे कागदावर कोनी लेहेत नाही.

जुना_हाउसमन

तुळसामाय, तुमच्या मुलीला जे ऐकावं लागलं ते चूकच होतं. मी विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडं लिहितो. समर्थन म्हणून लिहीत नाही.

सिकलच्या वेदनेला तपासणी नाही. क्रायसिसमध्ये हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असू शकतं, एक्स-रे साफ असतो, नाडी-रक्तदाब ठीक असतात. रात्री एकटा डॉक्टर, समोर साप चावलेला पेशंट, पलीकडे बाळंतीण. अशा वेळी जे डोळ्यांना दिसत नाही ते मागे पडतं. म्हणूनच नियम लागतो. अमेरिकेच्या रक्तविकार संस्थेची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रुग्ण पोचल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामक द्यावं आणि किती दुखतंय ते वारंवार विचारून डोस ठरवावा. किती दुखतं याचा पुरावा रुग्णाचं सांगणं हाच.

दुसरी अडचण मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने त्याचे परवाने इतके किचकट करून ठेवले होते की लहान रुग्णालयं त्या वाटेला जात नसत. २०१४ साली दुरुस्ती होऊन प्रक्रिया सोपी झाली, पण भीती गेली नाही. व्यसन लागेल म्हणून डॉक्टर घाबरतो आणि डायक्लोफिनॅक या नेहमीच्या वेदनाशामकावर भागवतो. सिकलमध्ये मूत्रपिंडं आधीच नाजूक असतात, त्यामुळे ती इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेणं धोक्याचं.

तिसरं, आम्हाला शिकवलं गेलं की भारतातला सिकलसेल सौम्य. आपल्याकडच्या जनुकीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्याचा फायदा होतो हे खरं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर जे काम केलं त्यातून दिसलं की विदर्भातला आजार चांगलाच तीव्र असू शकतो. त्यांनीच किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या ठरावीक, कमी मात्रेतही हायड्रॉक्सियुरियाने क्रायसिस आणि रक्त चढवण्याची गरज कमी होते हे दाखवलं. तालुक्याच्या ठिकाणी पेलवेल असा उपचार आहे तो.

रानजाई

डॉक्टर, सविस्तर लिहिलंत, आभार. तुमच्या पहिल्या मुद्द्याला जोडून एक. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्लटन हेवूड नावाचे संशोधक होते. त्यांना स्वतःला सिकलसेल होता. २०१३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांतली प्रतीक्षा मोजली. सिकलचे रुग्ण इतर रुग्णांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त वेळ ताटकळत होते. हातापायाचं हाड मोडून आलेल्यांशी तुलना केली तर ५० टक्के जास्त. मोडलेलं हाड दिसतं. आणि हे मोजावं असं सुचायला कदाचित तो बाक स्वतः अनुभवलेला माणूसच लागतो.

तुळसामाय, तुमचा प्रश्न मी वहीत पहिला लिहून घेतला आहे.

लेस्टरची_माधुरी

मी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. इथे प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन सिकलची तपासणी होते, त्यामुळे निदानाला वर्षं जात नाहीत. क्रायसिसमध्ये आलेल्याला अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक द्यावं अशी मार्गदर्शक सूचना २०१२ पासून आहे.

तरीही २०१९ मध्ये उत्तर लंडनच्या एका रुग्णालयात २१ वर्षांचा सिकलचा रुग्ण दगावला. वॉर्डातल्या खाटेवरून त्याने ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून प्राणवायू मागितला होता. त्या प्रकरणानंतर संसदेच्या सर्वपक्षीय गटाने रुग्णांचे अनुभव गोळा केले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. त्याचं शीर्षकच ‘कुणी ऐकत नाही’ अशा अर्थाचं आहे. रुग्णांनी त्यात हेच सांगितलंय की आम्हाला आमचा आजार माहीत आहे, पण वॉर्डात कुणी आमचं धरत नाही.

म्हणजे पैसा आणि नियम असूनही हे घडतं. माझ्या वॉर्डात आता सिकलच्या रुग्णाचा स्वतःचा कागद असतो : कोणतं औषध लागू पडतं, किती मात्रा, कशाने बिघडतं. तो आधी वाचायचा, मग बाकीचं. तुळसामाय, असा एक कागद तुमच्या डॉक्टरांकडून सहीशिक्क्यानिशी करून घ्या आणि फाइलच्या वरच लावा. नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगायची वेळ येणार नाही.

वर्गशिक्षक

गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेवर आहे. आमच्याकडे सिकलची मुलं दरवर्षी असतात, म्हणून शाळेपुरतं लिहितो.

पहिली गोष्ट पाणी. या मुलांनी सतत पाणी प्यायला हवं. त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे लघवीला वारंवार जावं लागतं. तासाला दोनदा हात वर केला की बहुतेक शिक्षक ओरडतात. मग मूल पाणी पिणंच सोडतं आणि आठवड्याभरात दवाखान्यात जातं. वसतिगृहात याहून वाईट होतं. यातली बरीच मुलं रात्री अंथरुणात लघवी करतात, अगदी दहा-बारा वर्षांचीही. त्याला आजाराचं कारण आहे हे ना अधीक्षकांना माहीत असतं ना बाकीच्या मुलांना. मी स्वतः एका मुलाला याच कारणासाठी शाळा सोडून जाताना पाहिलंय. त्याला क्रायसिसने शाळेबाहेर काढलं नाही, चिडवण्याने काढलं.

दुसरी, पहाटेची थंड पाण्याची आंघोळ. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे कडाक्याची थंडी असते. सिकलच्या मुलांना गरम पाणी आणि स्वेटर एवढं केलं तरी फरक पडतो. कवायतीत धावायला लावायचं नाही, पण बाजूला एकटं बसवूनही ठेवायचं नाही. गुणलेखन करायला, शिट्टी वाजवायला द्या.

संशोधकाला मी म्हणेन, हजेरीपट पाहा. आमच्या हजेरीपटात ‘गैरहजर’ एवढंच असतं. का गैरहजर याचा रकानाच नाही.

जुना_हाउसमन

मास्तरांचा अंथरुणात लघवीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. ओपीडीत आईबाप लाजेने सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

स्पष्ट_सांगतो

सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे. पण मुळावर घाव का घालत नाही? लग्नाआधी पत्रिकेऐवजी सिकलच्या तपासणीचं कार्ड बघायची सक्ती करा. दोन वाहकांच्या लग्नाला बंदी घाला. एका पिढीत आजार संपेल.

कारंजा_रोड

@स्पष्ट_सांगतो, मी वाहक आहे. म्हणजे मला आजार नाही. मी शेतात काम करते, दोन बाळंतपणं झाली, काही त्रास नाही. तरी पहिलं जमलेलं लग्न मोडलं, कारण आमच्या घरी तपासणीचं पथक येऊन गेल्याचं सोयऱ्यांना कळलं. मुलाने स्वतःची तपासणी केलीच नव्हती. त्याला कुणी करायला सांगितलीही नाही. सक्ती झाली की काय होतं ते मी आधीच बघून बसले आहे. तपासणी मुलीची होते आणि कार्ड पेटीच्या तळाशी लपवलं जातं. माझ्या दोन चुलत बहिणींनी म्हणूनच तपासणी टाळली.

शास्त्र सांगायचं तर, दोघंही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. चार मुलांपैकी एकाला होणार, असा त्याचा अर्थ नाही. एकालाही होणार नाही किंवा दोघांना होईल, असंही घडू शकतं. गर्भाची तपासणी करता येते, निर्णय त्या जोडप्याचा. माहिती द्या, वेळेत द्या, दोघांनाही द्या. बंदीने माहिती दडते.

रानजाई

कारंजाताई, तुम्ही स्वतःचं इतकं मोकळेपणाने लिहिलंत. मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

@स्पष्ट_सांगतो, आज जे एसएस आहेत त्यांचं काय, हा माझा प्रश्न. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. पण ‘निर्मूलन’ हा शब्द माझा भाऊ वाचतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? त्याला गोळ्या दर महिन्याला मिळाल्या का, कामाचे किती दिवस गेले, रात्री झोप लागली का, हेही त्याच जोमाने मोजलं जावं.

आणि घरचं माणूस संशोधनाचा भाग होऊ शकतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जमैकात आहे. तिथे १९७३ पासून किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली रुग्णालयात जन्मलेल्या एक लाख बाळांची तपासणी झाली आणि ज्यांना सिकल निघाला त्यांच्यावर डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं. त्यांना दिसलं की बरीच लहान मुलं पानथरीत (प्लीहेत) अचानक रक्त साठून काही तासांत दगावतात. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होतो. मग त्यांनी आयांना पानथरी चाचपायला शिकवलं : बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून रोज बघायचं, वाढलेली वाटली आणि बाळ पांढरं पडलं की निघायचं. १९८५ साली निष्कर्ष आले. अशा झटक्यांतले मृत्यू जवळपास दहापटीने घटले होते. ना नवं औषध, ना यंत्र. आईच्या बोटांवर डॉक्टरांनी विश्वास ठेवला.

तुळसामाय म्हणतात ना, मला कसं समजतं ते विचारा. विचारलं की काय होतं, ते हे.

गोड_रक्त

विषय सिकलचा आहे, पण मला टाइप १ मधुमेह आहे म्हणून एवढंच. २००९ मध्ये कार्ल मे, व्हिक्टर मोंतोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की दीर्घ आजारात उपचार हेच रुग्णाचं काम होऊन बसतं. तारखा, रांगा, तपासण्या, गोळ्यांच्या वेळा. डॉक्टर प्रत्येक भेटीत त्यात भर घालतो आणि रुग्णाला ते झेपतं का हे कुणी विचारत नाही. मग तो एखादी गोष्ट सोडतो आणि फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा येतो. माझ्या फाइलवर तो होता. रानजाई, तुमच्या भावाला महिन्यातून किती फेऱ्या पडतात, हेही यादीत घ्या.

हिरवळ

केरळमध्ये राहते. इथे १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे गावोगाव शेजारचेच लोक स्वयंसेवक झाले आणि परिचारिका घरी जाऊ लागल्या. २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. कर्करोगाशिवाय बाकीच्या दीर्घ आजारांचे रुग्णही त्यात येतात. मॉर्फिन, घरभेट आणि शेजारी, तिन्ही एकत्र आली म्हणून ते चाललं. गडचिरोलीत अंतरं मोठी आहेत, पण आशाताई प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या वहीत ‘या आठवड्यात किती दिवस दुखलं’ एवढा एक रकाना वाढवला तरी सुरुवात होईल. अर्थात त्या वेळेचा मोबदला त्यांना मिळायला हवा.

रानजाई

आशाताईंच्या वहीतला रकाना आणि मास्तरांचा हजेरीपट, दोन्ही घेतलं. माझी यादी आता अशी झाली आहे : दुखणं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं आणि कशावरून. दुखत असूनही दवाखान्यात न जायचा निर्णय कोण घेतं आणि काय मोजून घेतं. दवाखान्यात शेवटचं कोणतं वाक्य ऐकलं ज्यामुळे पुन्हा जावंसं वाटलं नाही. झोप. शाळा किंवा रोजी किती बुडली. गोळ्या संपल्या तेव्हा किती दिवसांनी मिळाल्या. आणि मुलींच्या बाबतीत, कार्ड कुठे ठेवलंय.

इथल्या कुणाच्या घरी सिकल असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करून बघाल का? दुखलं नाही तर काही नाही, दुखलं तर एक रेघ, दवाखान्यात गेलात तर गोल. माझ्या भावाने सुरू केलंय. त्याचं म्हणणं, पुढच्या वेळी डॉक्टरला तोंडी सांगण्यापेक्षा कॅलेंडरच पुढे करेन.

जुना_हाउसमन

जरूर करा. मला असं कॅलेंडर दाखवलं असतं तर मी हायड्रॉक्सियुरिया कितीतरी रुग्णांना लवकर सुरू केलं असतं. मात्र ते औषध मनाने सुरू किंवा बंद करू नका. पेशींची संख्या वेळोवेळी तपासावी लागते आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. ताप १०१च्या वर, छातीत दुखून धाप, अचानक हात-पाय किंवा तोंड वाकडं होणं, पोट फुगून पांढरं पडणं : या चारांना रेघ मारत बसायचं नाही, तडक निघायचं.

तुळसामाय

कॅलेंडरवाली गोष्ट पोरीले सांगितली. हो म्हने. अजून एक इचारतो, एसटीचा पास अन ते अपंगाचं सर्टिफिकेट, ते दोनी एकच हाये का? अन त्याच्यावर नोकरी लागते का पुढं?

वर्गशिक्षक

वेगवेगळी आहेत, माय. एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे, त्यासाठी सरकारी रुग्णालयातून आजाराचा दाखला लागतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे. अर्ज दिव्यांग ओळखपत्राच्या (यूडीआयडी) संकेतस्थळावर करायचा, मग वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त आलं तर बहुतेक योजना लागू होतात आणि परीक्षेत जादा वेळही मागता येतो. नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार धरलेले नाहीत. कायद्याचं कलम ३४ तसंच आहे. सिकलमुळे खुब्याचं हाड खराब होऊन चालण्यात अपंगत्व आलं असेल तर ते वेगळ्या प्रकारात मोजून घेता येतं. पोरगी आठवीत आहे, दहावीच्या आत प्रमाणपत्र हातात पाहिजे, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला उपयोगी पडेल. मंडळ कोणत्या वारी बसतं ते आधी विचारून जा. आशाताईंना सोबत घ्या.

तुळसामाय

बरं गुरुजी. आशाताई आमच्याच वाडीतली हाये. तिले उद्याच इचारतो.